पाच दिवस ऑक्सिजन आणि नळीतून दूध, हाच उपचार होता

सातारा जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडक्यात देते.

"डॉक्टर, बाळंतपणाला माहेरी आले आहे. माझा मुलगा आज ३९ दिवसांचा आहे. अठराव्या दिवशी रविवार बघून बारसं केलं. तेविसाव्या दिवशी त्याचं नाक चोंदलं, मग खोकला सुरू झाला. सव्विसाव्या दिवशी अंगावर प्यायचं सोडलं आणि पोट उडायला लागलं, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं. रिपोर्टमध्ये आरएसव्ही नावाचा विषाणू आला. पाच दिवस नुसता ऑक्सिजन, नाकातल्या नळीतून माझंच काढलेलं दूध, आणि सलाईनच्या थेंबांनी नाक साफ करणं. अँटिबायोटिकची इंजेक्शनं दोन दिवस दिली आणि बंद केली. मशीनची वाफ एकदाच दिली. घरचे म्हणतात, उपचारच केले नाहीत, नुसतं ठेवून घेतलं आणि बिल लावलं. आई म्हणते, मी ओल्या दिवसांत डोकं धुतलं, दही खाल्लं, म्हणून बाळाला झालं. घरी येऊन आठ दिवस झाले, खोकला अजून आहे. आत्या ओव्याची धुरी द्या म्हणतात. मोठी मुलगी चार वर्षांची. तिला सर्दी होती म्हणून सासरी पाठवली, ती रोज फोनवर रडते. माझी जाऊ सातव्या महिन्यात आहे, आता तीही घाबरली आहे. माझं काय चुकलं?"

ताई, तुमचं काहीच चुकलं नाही. का नाही ते पुढे सांगतेच. त्याआधी एक काम करा. बाळ झोपलं असेल तर त्याच्या अंगावरचं दुपटं हळूच बाजूला घ्या, झबलं छातीपर्यंत वर करा आणि पूर्ण एक मिनिट त्याचं पोट बघा. मोबाइलवर एक मिनिट लावा. पोट वर आलं की एक. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. इतकी लहान बाळं एकसारखा श्वास घेत नाहीत. पाच-सहा श्वास भरभर घेतात, मग थोडं थांबतात, पुन्हा सुरू करतात. नेमक्या त्या थांबण्याच्या वेळी मोजलंत तर आकडा कमी येईल, भरभर चालू असताना मोजलंत तर जास्त. म्हणून पूर्ण मिनिट. रडताना किंवा पिताना मोजायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० च्या आत हवेत. ६० किंवा त्याहून जास्त आले तर थोडं थांबून पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर पुढचं वाचायला थांबू नका, बाळाला घेऊन निघा.

श्वास मोजायला डॉक्टरच लागतो असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या बायकांनाही हे जमावं म्हणून एक साधं साधन तयार केलं होतं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि सरकवायचे मणी, दहा श्वासांना एक मणी. गावातल्याच माणसांना निमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं तर लहान मुलांचे मृत्यू कमी होतात, हे त्यांनी १९९० साली जगापुढे मांडलं. मणी सरकवणाऱ्या त्या बायकांना जे जमलं ते तुम्हालाही जमेल. रोज सकाळ-संध्याकाळ मोजा आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत आकडा लिहून ठेवा. डॉक्टरांना तो आकडा दाखवलात तर "बाळ बरं वाटत नाहीये" या वाक्यापेक्षा त्यातून त्यांना खूप जास्त कळेल.

आता दवाखान्यातल्या पाच दिवसांकडे येते. तुमच्या पत्रातला राग मला तिथेच जास्त दिसला.

बाळाला झालं त्याला आम्ही ब्राँकिओलायटिस म्हणतो. फुफ्फुसात शिरलेली श्वासनलिका फांद्यांसारखी वाटली जाते, आणि शेवटच्या फांद्या अगदी बारीक असतात. विषाणू तिथे पोचला की त्या आतून सुजतात, आतलं अस्तर खरवडून निघतं आणि ते शेंबडात मिसळून चिकट बुचं होतात. तुमच्या-माझ्या नळ्यांना तेवढी सूज आली तर दोन दिवस खोकला येईल, बस्स. बाळाची नळी मुळातच इतकी अरुंद असते की तेवढ्याच सुजेने ती निम्मी होते. आणि नळी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. शिवाय एवढी बाळं तोंडाने श्वास घ्यायला अजून शिकलेली नसतात, सगळी मदार नाकावर. नाक चोंदलं, तोंडात स्तन आहे, मग श्वास घ्यायचा कुठून? म्हणून बाळ दोन घोट घेतं, सोडतं, रडतं, पुन्हा धरतं आणि शेवटी थकून सोडून देतं. तुमच्या बाळाने "अंगावर प्यायचं सोडलं" ते असं.

या विषाणूला मारणारं, रोज सगळ्या बाळांना देता येईल असं औषध आज आमच्याकडे नाही. सूज चार-पाच दिवस वाढते आणि मग आपली आपण उतरते. तेवढे दिवस बाळाला तगवायचं, हे आमचं काम. श्वास कमी पडतो म्हणून ऑक्सिजन. पिताना दम लागतो म्हणून नळीतून दूध, म्हणजे प्यायचे कष्टही वाचतात आणि पोषणही चालू राहतं. नाकातला शेंबूड काढायचा, की निम्मा अडथळा तिथेच जातो. आणि बाळाच्या पायाला लाल दिव्याची जी पट्टी चिकटवलेली तुम्ही पाहिली असेल, तिने रात्रंदिवस ऑक्सिजन मोजायचा. याहून आजार वाढला तर नाकातून जोराने हवा देणारं मशीन असतं, क्वचित व्हेंटिलेटरही लागतो. तुमच्या बाळाला तिथवर जावं लागलं नाही.

मशीनची वाफ एकदाच का दिली? दम्यात नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि वाफेतलं औषध ते सैल करतं. इथे नळ्या सुजेने आणि चिकट्याने बुजलेल्या आहेत, औषधाने सैल होण्यासारखं तिथे फारसं काही नसतं. एकदा देऊन बघितलं, फरक पडला नाही, बंद केलं. स्टिरॉइडचंही तसंच आहे, या आजारात त्याचा उपयोग होत नाही.

आणि ती दोन दिवसांची इंजेक्शनं. तुमच्या मिस्टरांना वाटलं की सुरू केलेलं औषध अर्धवट सोडलं. झालं असेल ते मी सांगते. एक महिन्याच्या आतल्या बाळाला दम लागलेला बघितला की पहिल्या दिवशी कुणालाच खात्रीने सांगता येत नाही की हा विषाणू आहे, की रक्तात जिवाणूंचा संसर्ग आहे. दोन्ही वरून सारखेच दिसतात, आणि जिवाणूंचा असेल तर काही तासांत हाताबाहेर जातो. म्हणून रक्त तपासायला पाठवायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत अँटिबायोटिक सुरू ठेवायचं. दोन दिवसांत रक्तात काही वाढलं नाही, विषाणू सापडला, बाळ सावरतंय, मग अँटिबायोटिक थांबवायचं. सुरू करणं सोपं असतं. नातेवाईक दारात उभे असताना ते थांबवायला धीर लागतो. तुमच्या डॉक्टरांनी तो दाखवला. त्यांनी हे तुम्हाला नीट बसवून सांगायला हवं होतं, ते राहिलं. ती आमच्या लोकांची उणीव आहे आणि त्याबद्दल तुम्हाला राग आला असेल तर तो रास्त आहे.

मला स्वतःला ही गोष्ट एका रात्री कळली. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होते. पावसाळ्यातली रात्र, वॉर्डात एका पलंगावर दोन-दोन मुलं. १९ दिवसांचं एक बाळ, सर्दी आणि थोडी घरघर. मी वाफ दिली, पुन्हा दिली, इंजेक्शन लिहिलं, एक्स-रेला पाठवायच्या गडबडीत होते. बाळ किरकिरत होतं ते शांत झालं. मला वाटलं, वाफेचा गुण आला. पलीकडच्या पलंगावर सलाईन लावणाऱ्या सिस्टर मान वळवून म्हणाल्या, "मॅडम, हे हलत नाहीये." त्याचा श्वास थांबला होता, ओठ जांभळे. सिस्टरनी त्याच्या तळपायावर टिचक्या मारल्या, मी फुग्याने श्वास दिला. अर्ध्या मिनिटात ते रडलं. पुढे ते बरं होऊन घरी गेलं. पण मी औषधांच्या नादात बाळाकडे बघायचंच विसरले होते. दोन महिन्यांच्या आतल्या, त्यातही दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांमध्ये या विषाणूने श्वास मध्येच थांबू शकतो. कधी कधी खोकला-धाप दिसायच्या आधीच. म्हणून "नुसतं ठेवून घेतलं" हे शब्द वाचताना मला ते बाळ आठवलं. तुमच्या मुलाला बघणाऱ्या माणसांपाशी ठेवलं होतं.

खोकल्याचं. श्वास ६० च्या आत आहेत, बाळ पोटभर पितंय, लंगोट पूर्वीसारखे ओले होतायत, ताप नाही, तर सोळा दिवसांनंतरचा खोकला घाबरण्यासारखा नाही. खरवडलेलं अस्तर पुन्हा यायला वेळ लागतो, खोकला दोन-तीन आठवडे, कधी थोडा जास्तही टिकतो. दिवसागणिक कमी होतोय ना, एवढं बघा.

धुरी मात्र देऊ नका. आत्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी कित्येक बाळंतपणं काढली असतील, त्यांच्या हातची माया मी जाणते. पण ओवा असो, बाळंतशोप असो की नुसता कोळसा, धूर तो धूर. ज्या नळ्या आत्ता कुठे मोकळ्या होतायत त्यांत तो पुन्हा सूज आणतो. खोलीत उदबत्ती नको, डासांची कॉइल नको, आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांनी अंगणात ओढून, हात-तोंड धुऊन, शर्ट बदलूनच बाळाला घ्यावं. आत्यांना बाळाचं करायचंच असेल तर त्यांना एक काम द्या. बाळाला नुसत्या लंगोटावर त्यांच्या उघड्या छातीशी धरून वरून शाल घ्यायची आणि तासभर बसायचं. उबेला त्याहून चांगलं काही नाही.

नाकात तेल घालू नका, ते घरंगळत फुफ्फुसात जाऊ शकतं. छातीला बाम नको, त्यातला कापूर एवढ्या बाळाला बाधतो. मध एक वर्षापर्यंत चाटवायचा नाही, बोटभरसुद्धा. वाफारा देताना भाजलेली मुलं मी बघितली आहेत, तोही नको. आणि खोकल्याचं कुठलंही सिरप नको, कुणाच्याही चिठ्ठीवर नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या भागात दूषित खोकल्याच्या औषधाने मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतली बरीच उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती, आणि अनेक वाचली नाहीत. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत असं सगळ्या राज्यांना पुन्हा कळवलं. पण औषध शुद्ध असतं तरी मी हेच सांगितलं असतं. या वयात त्याने खोकला बरा होत नाही, बाळ गुंगतं, आणि गुंगलेलं बाळ ना नीट पितं ना नीट श्वास घेतं.

एकच गोष्ट करा आणि ती नीट करा. मेडिकलमधून साध्या सलाईनचे नाकाचे थेंब आणा. सर्दी मोकळी करणारे औषधी थेंब नकोत, साध्या मिठाच्या पाण्याचे. बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा, गार थेंबाने बाळ दचकतं. बाळाला उताणं झोपवा, एका नाकपुडीत एक-दोन थेंब, मग दुसरीत. ते तोंड वाकडं करेल, शिंकेल. शिंकलं तर उत्तमच, निम्मं काम झालं. मऊ सुती कापडाची वात वळून नाकाच्या तोंडाशी आलेलं तेवढंच टिपा, आत खुपसू नका. मग पाच-दहा मिनिटांनी पाजायला घ्या. हे दर वेळी पाजण्याआधी. एका वेळी कमी पितंय का? पिऊ दे, पण लवकर लवकर पाजा. दम लागल्यासारखं वाटलं तर दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडं थोडं द्या, बाळ उभट धरून. झोपवताना उताणंच, उशी नको. आणि पावसाळा म्हणून झबल्यावर झबलं चढवू नका. चार कपड्यांखाली छाती आत ओढली जातेय की नाही ते दिसतच नाही.

तुम्हाला सर्दी झाली तरी अंगावर पाजणं सोडायचं नाही. तोंड-नाक झाकून, हात धुऊन पाजा. तुमचं शरीर त्या सर्दीशी लढायला जे तयार करतं ते दुधातून बाळाला मिळतं.

आता आईंच्या दह्याकडे वळते. आरएसव्ही दह्यात नसतो, ओल्या केसांतही नसतो. तो सर्दी झालेल्या माणसाच्या नाकात असतो आणि शिंकेतून, आणि त्याहून जास्त हातांवरून पसरतो. हा विषाणू १९५६ साली अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, आणि लवकरच लक्षात आलं की तो माणसांच्या बाळांमध्येही आहे. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी होऊन जातो. पुढे आयुष्यभर पुन्हा पुन्हा होतो आणि मोठ्यांना ती नुसती सर्दी वाटते. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीला त्याचा जोर असतो, वॉर्ड भरतात. २०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची एक लाखाहून जास्त मुलं त्याने दगावली असा अंदाज आहे, आणि त्यांतली निम्म्याच्या जवळपास सहा महिन्यांच्या आतली होती. ही सगळी काही दही खाणाऱ्या आयांची मुलं नव्हती.

तुमच्याकडे तो बारशाला आला असेल. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण चार-सहा दिवस जातात, आणि तुमचा हिशेब बरोबर तेवढाच आहे. पन्नास माणसांनी हौसेने बाळ घेतलं, पापे घेतले, त्यांतल्या एकाला शिंका येत होत्या. किंवा मोठीच्या बालवाडीतून आला असेल. तो कोणाचा होता हे शोधत बसू नका, मुलीला तर कधीही "तुझ्यामुळे झालं" असं म्हणू नका, आणि दुसऱ्या कुणालाही म्हणू देऊ नका. चार वर्षांच्या मुलीच्या मनात ते घर करून राहतं.

तिला घेऊन या. तिच्या अंगातला विषाणू केव्हाच गेला असणार, आठवडाभरातच बहुतेक मुलांचा जातो. घरी आली की साबणाने हात धुवायला लावा, कोपरापर्यंत, रोज बालवाडीतून आल्याबरोबर. तिला बाळाचे पाय द्या. पायाचा पापा घ्यायचा, तोंडाचा नाही, हा नियम मुलं फार लवकर शिकतात आणि पाहुण्यांनाही तीच शिकवते. पुन्हा सर्दी झाली तर तेवढे दिवस ती आजीजवळ झोपेल, पण त्याच घरात.

पुन्हा कधी धावायचं ते सांगते. श्वास ६० वर गेले. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय. नाकपुड्या फुलतायत, किंवा प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतोय. नेहमीच्या निम्म्याहून कमी पितंय, लंगोट निम्मेच ओले होतायत. काखेत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, किंवा उलट अंग गार पडलंय. उठवूनही नीट उठत नाही, हातपाय सैल. ओठ किंवा जीभ निळसर. हातपाय गारठ्याने थोडे निळसर दिसतात, त्याला घाबरू नका, जिभेकडे बघा. श्वास मध्येच थांबला आणि लांबला, तर वीस मोजत बसू नका, तळपायावर टिचकी मारा आणि निघा. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, बिलाच्या धास्तीने एक तासही घालवू नका. वाटेत बाळ छातीशी धरा, मान सरळ. जबरदस्तीने पाजू नका. गावात आशाताई असतील तर त्यांना आजच सांगून ठेवा. नवजात बाळांच्या घरी त्या ठरलेल्या दिवशी येतातच, आणि श्वास मोजायचं त्यांनाही शिकवलेलं असतं.

तुमच्या जाऊबाईंसाठी. गरोदरपणात आईला देण्याची आरएसव्हीची लस निघाली आहे. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, वारेतून बाळाला मिळतात आणि पहिले काही महिने ती त्याला राखतात. दुसरी वाट म्हणजे बाळाला जन्मल्यावर द्यायचं निर्सेव्हिमॅब नावाचं इंजेक्शन. ती लस नव्हे, त्यात तयार प्रतिपिंडंच असतात. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेने या दोन्हींची शिफारस केली आहे, आईची लस अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर. जाऊबाई आता त्याच सुमाराला आहेत, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना स्पष्ट विचारा, तुमच्याकडे ती मिळेल का आणि किती पैसे पडतील. इन्फ्लुएन्झाची लस त्याच भेटीत मागा. आणि बारसं घरच्या दहा माणसांत करा, मोठा कार्यक्रम उष्टावणाला ठेवा.

बाळाचे दीड महिन्याचे डोस आता तीन-चार दिवसांवर आले आहेत. थोडा खोकला आहे म्हणून ते पुढे ढकलू नका, ताप नसेल तर देता येतात. त्यांतल्या दोन लसी निमोनियाच्या जिवाणूंपासून राखणाऱ्या आहेत. कॅलेंडरवर लिहिलेले श्वासांचे आकडे त्या दिवशी सोबत न्या, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि तो रक्ताचा रिपोर्टही. आणि मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या.